रिसर्च म्हणजे पेशंट सोडायचे का?

ताई, भांडुपहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीची एमबीबीएसची इंटर्नशिप संपलीय, नीट-पीजीचा (एमडीच्या प्रवेशपरीक्षेचा) रँक मुंबईत एमडी मेडिसिनची सीट मिळण्याइतका नाही आणि अंधेरीच्या एका कंपनीची फार्माकोव्हिजिलन्सची, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याच्या कामाची, ऑफर हातात आहे. ती म्हणते रिसर्च करायचाय, तिचे बाबा म्हणतात आलेली नोकरी सोडू नको. आणि तुम्ही विचारताय, ‘पेशंट बघायचेच नव्हते तर डॉक्टर कशाला झाली?’

घोळ इथेच आहे. रिसर्च या एका शब्दात तुम्ही तिघं वेगवेगळी कामं धरून बसलाय.

अंधेरीच्या नोकरीत औषधांच्या दुष्परिणामांचे रिपोर्ट येतील, ते वाचून औषधाशी संबंध दिसतो का हे ठरवायचं. काम जबाबदारीचं, पगार वेळेवर, रात्रीची झोप शाबूत. फक्त पेशंट भेटतो तो केस नंबर म्हणून.

मेडिसिनमधला रिसर्च वेगळा. झारखंडमधला ‘रेशन्स’ अभ्यास घ्या, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तो करणाऱ्यांत पुढे होते मेडिसिनचेच डॉक्टर, मंगळूरचे अनुराग भार्गव. टीबीच्या पेशंटच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. नीट खायला मिळालं तर टीबी टळतो का, हा प्रश्न पेशंटचं हाडांचा सापळा झालेलं अंग रोज बघणाऱ्यालाच सुचावा. मुंबईत टीबी किती आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मध्यंतरी एका रुग्णालयाच्या ओपीडीत मी दोन तास बसलो होतो. मधुमेहाच्या औषधाची ट्रायल, म्हणजे पेशंटवर औषध तपासून बघणारा अभ्यास, चालू होती. समोर वसईहून आलेला एक बिगारी, पंचविशीतली डॉक्टर त्याला संमतीपत्र वाचून दाखवत होती. वाचता येत नव्हतं, म्हणून ट्रायलशी संबंध नसलेला एक साक्षीदार शेजारी बसवला होता. त्याने विचारलं, ‘मला नुसतीच खोटी गोळी आली तर?’ ती म्हणाली, ‘कोणाला कुठली, हे मलाही कळत नाही. तुमचं आत्ताचं औषध चालूच राहील. आणि नाही म्हणालात तरी इथले उपचार थांबणार नाहीत.’ तो थोडा वेळ गप्प. मग अडचण निघाली वेगळीच, गुरुवारी आलो की खाडा पडतो. तिने सकाळची पहिली वेळ लिहिली, गाडीभाड्याची नोंद केली, तेव्हा कुठे अंगठा उमटला. (प्रवासखर्च ट्रायलमधून मिळतो, पण हे पेशंटला सांगायला बरेच जण विसरतात.)

तुमच्या लेकीला हे दोन तास आवडतील की कंटाळा येईल? माझ्या मते सगळं यावर ठरेल, रँकवर नाही.

म्हणून नोकरी घेण्याआधी तिला एखाद्या मेडिसिन विभागाच्या चालू ट्रायलमध्ये सहा महिने ते वर्षभर रिसर्च डॉक्टर म्हणून काम करू दे. पगार अंधेरीपेक्षा कमी असेल, हे बाबांना आधीच सांगून टाका. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचा, म्हणजे ट्रायल कशी करावी याच्या नियमांचा, छोटा कोर्स ती संध्याकाळी करू शकेल. गंभीर दुष्परिणाम झाला की २४ तासांत कळवावं लागतं, ती धावपळही एकदा अनुभवू दे. त्यातून मेडिसिनच हवं असं ठरलं, तर पुन्हा परीक्षा. एमडीची तीन वर्षांची रेसिडेन्सी अंग मोडून काढते, तिथे मी गोड बोलणार नाही. मधली वाटही आहे. फार्माकोलॉजीतली, म्हणजे औषधशास्त्रातली, एमडी मेडिसिनइतका वरचा रँक नसला तरी मिळते. ‘पेशंट नसलेली ब्रांच’ म्हणून मुलं नाक मुरडतात, पण परळला केईएममध्ये क्लिनिकल फार्माकोलॉजीचा, म्हणजे पेशंटमधल्या औषधांच्या अभ्यासाचा, स्वतंत्र विभाग आहे. तिथे एकदा जाऊन तिने तिथल्या रेसिडेंटशी बोलावं.

हे सगळं बघून ठरवायला कंपनीकडे जॉइनिंगसाठी महिनाभर वाढवून मिळतो का, ते मात्र आजच विचारायला सांगा. आणि बाबांनाही एखाद्या सकाळी तिच्याबरोबर ओपीडीत पाठवा.