लेन्सवर नुसतं ‘एएफ’ असेल तर थांबा

भाऊ, बजेट ३५ हजार, जुना निकॉन डी५३०० पाहून ठेवलाय, आणि विकणारा सोबत ‘एएफ ७०-३०० जी’ ही लांबचं टिपणारी ऑटोफोकस (एएफ) लेन्स साडेतीन हजारात देतोय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. कॅमेरा चांगला असेल तर घ्या. ती लेन्स मात्र फुकट दिली तरी दोनदा विचार करा. तुमचा प्रश्न वाचला आणि माझी २०१५ची जखम पुन्हा ठसठसली.

तेव्हा माझ्याकडे निकॉनचाच डी५२०० होता. नागपुरात बर्डीवर एका दुकानात हीच लेन्स चार हजारात दिसली. दुकानदाराने स्वतःच्या बॉडीवर (म्हणजे कॅमेऱ्यावर) चढवून दाखवली, करकर आवाज करत झटकन फोकस झाला. मी खूश. माझा कॅमेरा घरीच होता, न्यायचं सुचलं नाही. घरी येऊन लावली तर बटण अर्धं दाबा, पूर्ण दाबा, लेन्स ढिम्म. दोन दिवसांवर मारबतीची (पुतळ्यांची) मिरवणूक होती. म्हटलं, हाताने फोकस करू. इतवारीतल्या त्या रेटारेटीत पिवळी मारबत समोर आली, आणि मी आपला इवल्याशा व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालून रिंग फिरवतोय. शंभरेक फोटोंतले धड चार निघाले.

मग लेन्स घेऊन एका सर्व्हिस काउंटरवर गेलो. नाव घेत नाही. तपासणीचे सहाशे आधी भरा म्हणाले, भरले. पाच आठवडे लेन्स त्यांच्याकडे. फोन केला की ‘इंजिनिअर साहेब आले नाहीत’, नाही तर ‘पार्ट पाहावा लागेल’. शेवटी निरोप आला की फोकस मोटर जळली आहे, बदलायला साडेपाच हजार लागतील. चार हजारांच्या लेन्सला! नको म्हणून परत घेतली. सहाशे गेले ते गेलेच.

नंतर ओळखीच्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांना दाखवली. त्यांनी लेन्स उलटी केली आणि मागच्या धातूच्या कड्यात नखाने एक जागा दाखवली. तिथे स्क्रूच्या डोक्यासारखा, मधे खाच असलेला बारका तुकडा होता. चष्म्याच्या पेचकसाने त्यांनी तो फिरवला, तसा लेन्सचा पुढचा भाग गरगर फिरायला लागला. म्हणाले, “यात मोटर आहेच कुठं बावा? मोटर बॉडीत असते. तुझ्या बॉडीत नाही.” म्हणजे जी मोटर मुळात नव्हतीच, ती जळल्याचं मला पाच आठवड्यांनी सांगण्यात आलं होतं. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

तर निकॉनचं असं आहे. नुसतं ‘एएफ’ लिहिलेल्या लेन्सचा तो स्क्रू बॉडीतली मोटर फिरवते, तेव्हा फोकस होतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नाही, तुमचा डी५३०० त्यातलाच. डी७०००, डी७१००, डी७२०० यांच्यात आहे. तुम्हाला लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ ही अक्षरं दिसलीच पाहिजेत, त्यांच्यात मोटर लेन्समध्येच असते. पुढे मिररलेस (आरसा नसलेला नवा कॅमेरा) घेऊन जुनी लेन्स अडॅप्टरने लावू म्हणाल, तर निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवरही या स्क्रूवाल्या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच, तिकडे ही भानगड नाही. पण तुमचं निकॉन ठरलंय, तेव्हा राहू द्या.

माझं मत विचाराल तर (मी धंदेवाईक नाही, घरची लग्नं आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलातल्या चार-दोन फेऱ्या एवढाच अनुभव, भाव तुम्हीच तपासा) १८-५५ ही साधी लेन्स कॅमेऱ्यासोबत येतेच, तिला नाकं मुरडू नका. पहिली जादा लेन्स ३५ एमएम एफ/१.८ एएफ-एस डीएक्स (डीएक्स म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यातल्या लहान सेन्सरसाठीची). सगळे ५० सांगतील, पण या सेन्सरवर ५०ची चौकट आक्रसून मोठ्या सेन्सरवरच्या ७५ एमएमइतकी होते. चेहरे सुंदर येतात, पण मंगल कार्यालयात घरच्यांचा ग्रुप घ्यायचा तर मागे सरकता सरकता भिंतीला पाठ लागते. जंगलासाठी एएफ-पी डीएक्स ७०-३००, आणि तीही व्हीआरवालीच (व्हीआर म्हणजे हाताचा थरथराट सावरणारी सोय). तिचे दोन प्रकार निघालेत, स्वस्त दिसते ती बहुधा व्हीआर नसलेली असते. या लेन्ससाठी डी५३००चं फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं, ते लेन्स घ्यायच्या आधीच करून ठेवा. ३०० एमएमला ही लेन्स एफ/६.३पर्यंतच उघडते, म्हणून पहाटेच्या अंधारात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००-३२०० करावाच लागेल. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

जुनी लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. आपल्याकडे पावसाळ्याला दोष देतात, पण कुलरच्या खोलीत उघडी ठेवलेली लेन्सही ओल धरते. कपाटात हवाबंद डबा, आत सिलिका जेल, बस. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका.

आणि सौदा करताना विकणाऱ्याची बॉडी नको, तुम्ही घेणार तीच बॉडी लावून बघा. रविवारी सकाळी मी बहुतेक फुटाळा तलावावर असतो, ३५ची लेन्स माझ्याकडे आहे. कॅमेरा घेऊन या, लावून पाहा.