पाचही पिल्लांचं रक्त तपास

प्रिय,

सोसायटीच्या पार्किंगमधून आणलेल्या मांजराच्या पाच पिल्लांपैकी एकाचीच एफईएलव्ही (मांजरांमधला ल्युकेमियाचा विषाणू) टेस्ट केली तर चालेल का, असं तू विचारलंस. नाही चालणार. एकाच आईच्या दुधावर वाढलेल्या भावंडांतही एकाला लागण असते आणि दुसऱ्याला नसते. त्यामुळे आईची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून पिल्लं सुटली असं धरू नकोस. पाचांचं रक्त एकत्र करून एकाच किटवर घालायचा मोहही टाळ, कारण त्यात लागण झालेल्याचं रक्त पातळ होतं आणि किट ते पकडेलच असं नाही. पैसे कमी पडत असतील तर पिल्लं दत्तक देणं पुढे ढकल, पण टेस्ट गाळू नकोस.

पिल्लू लहान आहे म्हणून थांबायची गरज नाही. ही टेस्ट विषाणूचं पी२७ हे प्रथिनच शोधते, त्यामुळे आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांनी (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांनी) किंवा लसीने ती फसत नाही. मात्र दोन्ही विषाणू एकत्र तपासणाऱ्या काँबो किटमधली एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या दुसऱ्या विषाणूची) टेस्ट प्रतिपिंडांवर चालते. तिथे पिल्लू पॉझिटिव्ह आलं तर घाबरू नकोस, आईचेच प्रतिपिंड असू शकतात. सहा महिन्यांचं झालं की पुन्हा तपासायचं. हे दोन निकाल एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

रक्त डॉक्टरांनाच काढू दे. पिल्लाला उपाशी नेऊ नकोस, इवल्या जिवाची साखर पटकन उतरते. मऊ टॉवेलमध्ये गुंडाळून, हनुवटी हलकेच वर धरली की मानेची शीर सापडते. पाचशे ग्रॅमच्या पिल्लात सगळं मिळून साधारण तीसच मिली रक्त असतं, पण किटला थेंबच पुरतात. लाळेवर किंवा अश्रूंवर टेस्ट करायला कुणी सुचवलं तर नको म्हण, तो निकाल भरवशाचा नसतो. किट फ्रिजमधलं असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे, मुदत बघ, आणि निकाल पत्रकात दिलेल्या मिनिटालाच वाच. किट नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची रेघ उमटली नसेल तर ती टेस्ट बाद. उशिरा उमटलेली रेघ निकालात धरू नकोस, पण वेळेत आलेली रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच समजून पुढची तपासणी कर.

आता खरी मेख. लागण झाल्यावर ती टेस्टमध्ये दिसायला साधारण तीस दिवस लागू शकतात. म्हणजे आजचं निगेटिव्ह हे महिन्यापूर्वीची गोष्ट सांगतं. म्हणून पाचांना एकत्र पण बाकी सगळ्या मांजरांपासून वेगळं ठेव आणि तीस ते साठ दिवसांनी पुन्हा टेस्ट कर. मधल्या काळात नवं पिल्लू त्यांच्यात सोडलंस तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. हा विषाणू मुख्यतः लाळेतून जातो, एकमेकांना चाटताना, एकाच ताटलीत जेवताना. बाहेर तो फार टिकत नाही, साध्या साबणाने मरतो. तेव्हा भांडी वेगळी ठेव, रोज धू आणि हात धुऊनच दुसऱ्या खोलीत जा.

एखादं पॉझिटिव्ह आलं तर त्याला भावंडांपासून वेगळं कर, पण त्या एका रेघेवर त्याचं आयुष्य ठरवू नकोस. दुसऱ्या कंपनीच्या किटने किंवा पीसीआरने (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या लॅबमधल्या टेस्टने) खात्री करून घे, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपास. काही पिल्लांचं शरीर विषाणूला दाबून टाकतं. खात्रीने पॉझिटिव्ह निघालेलं पिल्लूही काही वर्षं छान जगू शकतं. त्याला असं घर शोध, जिथे दुसरं मांजर नाही किंवा असलेलं मांजरही पॉझिटिव्हच आहे. वयात आलं की नसबंदी, कच्चं मांस नाही, बाहेर सोडणं नाही. माणसाला किंवा कुत्र्याला यापासून धोका नाही, हे नव्या घरच्यांना आधीच सांग. निम्मे लोक याच भीतीने मागे फिरतात.

प्रत्येकाच्या कार्डावर टेस्टची तारीख, किटचं नाव, निकाल आणि दुसऱ्या टेस्टची तारीख लिही. पाचही काळीच आहेत म्हणालीस ना? मग गळ्यात वेगवेगळ्या रंगांची फीत बांध आणि तोच रंग कार्डावर लिही, म्हणजे महिन्याने कुणाचं रक्त कुणाच्या नावावर जाणार नाही. फीत सैल ठेव, पिल्लं आठवड्याभरात वाढतात.