पहिल्या रेस वीकेंडला निघालीस म्हणून

प्रिय बाळ,

काल रात्री तुझ्या पप्पांचा फोन आला, एंट्री कन्फर्म झाली म्हणाले, ज्युनियर टूरिंग कार, चेन्नई. मग कसली झोप लागतेय. सकाळी आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजचं शटर उघडून बसलोय आणि पहिलं काम हेच करतोय. फोनवर सांगितलं तर तू नुसतं "हो काका, हो काका" करणार, म्हणून लिहून देतोय, प्रवासात वाच. वेळ भरपूर आहे, साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि रस्ता बघायला गेलं तर एकच, आपल्या शिरोलीवरनं जातो तोच एनएच ४८, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, वेल्लोर करत श्रीपेरंबुदूरला पोचतो आणि इरुंगाट्टुकोट्टाईचा ट्रॅक त्याच हायवेच्या अंगाला आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा लई बरं वाटलेलं, की घरासमोरनं जाणारा रस्ताच तिथं जातोय.

पहिली गोष्ट, या वीकेंडला तुझं टार्गेट काय ते माझ्याकडनं ऐक. पोडियम नाही, लॅप टाइम पण नाही. रविवारी संध्याकाळी गाडी स्वतःच्या चाकांवर ट्रेलरवर चढली पाहिजे आणि जेवढ्या रेस आहेत तेवढ्या सगळ्यांचा चेकर्ड फ्लॅग तू बघितलेला पाहिजे, बास. हे तू नवीन आहेस म्हणून सांगत नाहीये, ही चॅम्पियनशिपच अशी असते. उघड्या चाकांच्या फॉर्म्युला गाडीत चाक चाकाला लागलं तर बहुतेक वेळा खेळ संपतो, टूरिंग कार म्हणजे रस्त्यावरचीच गाडी रेसला तयार केलेली, तिला दारं असतात, बंपर असतात, त्यामुळं सगळ्यांना वाटतं थोडं घासलं तर काय होतंय, आणि मग वीकेंडला तीन रेस असल्या तर तिसऱ्या रेसपर्यंत निम्म्या गाड्या टेपनं चिकटवलेल्या असतात. त्यात जो शिल्लक राहतो तो पॉइंट घेऊन जातो.

तिकडं इंग्लंडमध्ये ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप १९५८ पासून चालू आहे. २०१९ ला दहा वीकेंड होते, प्रत्येक वीकेंडला तीन रेस, आणि शेवटचा वीकेंड ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर होता. कॉलिन टर्किंग्टनला त्या दिवशी दुसऱ्या रेसमध्ये धक्का बसला आणि शेवटच्या रेसला तो २५ व्या नंबरवरनं सुटला. पंचविसावा! टायटल गेलं असंच सगळ्यांनी धरलं असणार. तो एकेक गाडी मागं टाकत सहावा आला, आणि टायटल हातात आलेल्या डॅन कॅमिशचे ब्रेक शेवटच्या एकदोन लॅपमध्ये गेले, गाडी थेट बाहेर. टर्किंग्टन २ पॉइंटांनी चॅम्पियन झाला. अख्ख्या सीझनच्या तीस रेस आणि फरक दोन पॉइंटांचा, म्हणजे कुठल्यातरी रेसमधली एक जागा. म्हणून दहाव्या नंबरसाठी भांडतानाही गाडी सांभाळ म्हणतो मी, तो दहावा नंबर कधी कामाला येईल ते एप्रिलमध्ये कुणाला कळत नाही.

ब्रेकचा विषय निघाला म्हणून माझी एक गोष्ट सांगतो, तुझ्या पप्पांनाही माहीत नाही ही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका टीमबरोबर मेकॅनिक म्हणून तिथंच गेलो होतो. शनिवारच्या रेसमध्ये आमच्या गाडीला मागनं एक आणि पुढनं एक असे दोन धक्के बसले, रेडिएटरचा सपोर्ट वाकला, बॉनेट बसेना. रात्रभर आम्ही ते सरळ करत बसलो, पहाटे चारला बॉनेट बसलं आणि आम्ही खूश. आमचा ड्रायव्हर रात्री जाताना मला म्हणाला होता की पेडल जरा लांब जातंय. मी म्हटलं गरम झालं असेल, थंड झालं की येईल वर. ब्रेक ब्लीड केलेच नाहीत, म्हणजे लाइनमधली हवा काढलीच नाही. रविवारी सहाव्या लॅपला मेन स्ट्रेटच्या शेवटी पेडल तळाला गेलं. पोरगा हुशार होता, गियर खाली टाकत टाकत गाडी गवतात नेली आणि थांबवली, त्याला खरचटलंही नाही. पण तो हेल्मेट काढून माझ्याकडं चालत आला आणि एक शब्द बोलला नाही. त्यानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. ती माझी चूक मला अजून तशीच लागते, म्हणून तुझ्या गाडीचे ब्रेक तुझा मेकॅनिक प्रत्येक सेशननंतर बघतोय की नाही ते तू स्वतः उभं राहून बघायचंस. वयानं मोठा आहे म्हणून लाजायचं नाही.

आणि त्याला सांगायचं कसं तेही शिक. "गाडी बरोबर नाही" म्हणून काही कळत नाही. "सेटअप चुकलाय" असं तर म्हणूच नकोस, ते ठरवणं त्याचं काम. तू फक्त एवढं सांग की कुठल्या कॉर्नरला, आत जाताना का मधे का बाहेर पडताना, गाडीनं काय केलं. नाक बाहेर जातंय का शेपूट, पहिल्या लॅपपासून का पाचव्या लॅपनंतर. एक वही ठेव. प्रत्येक सेशननंतर पाणी प्यायच्या आधी वहीत लिही, दहा मिनिटांनी डोक्यातलं निम्मं गेलेलं असतं आणि उरलेलं तू स्वतःच बदललेलं असतंस.

आता कार्टिंगमधनं येताना काय विसरायचं ते. कार्टला मागची चाकं ढकलतात, बहुतेक कार्टला ब्रेकही मागंच असतो, सस्पेन्शन नसतंच. तुझी ही गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह. पुढचे दोन टायर ओढणार पण तेच, वळवणार पण तेच आणि ब्रेकचं जास्त ओझंही तेच घेणार. कॉर्नरला गाडी वळेना म्हणून स्टिअरिंग अजून पिळलंस तर गाडी वळत नाही, टायर शिजतो फक्त, आणि शिजलेला टायर त्या रेसमध्ये परत येत नाही. वळत नसेल तर स्टिअरिंग जरा सोड, स्पीड उतरू दे, पकड आपोआप येते. आणि फास्ट कॉर्नरच्या मधे घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते, भल्याभल्यांची फिरते तिथं. शंका असेल तर आधी, सरळ असताना, स्पीड कमी कर.

गुरुवारी पोचलात की स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची आणि सामानाची तपासणी. यावर जास्त लिहीत नाही, टीम बघेल, पण तुझ्या अंगावरचं तुझं तू बघायचं. हेल्मेट आणि सूटवरची लेबलं, बेल्टवर छापलेलं शेवटचं वर्ष, मान सांभाळणाऱ्या हॅन्सच्या पट्ट्या, सूटच्या आतले आगीत न वितळणारे नोमेक्सचे कपडे. आतनं साधा पॉलिस्टरचा टीशर्ट घालू नकोस, आग लागली तर तो वितळून कातडीला चिकटतो. संध्याकाळी ट्रॅक चालत फिर. ३.७ किलोमीटरचा आहे, तासभर लागेल, मोबाइल खिशात ठेव. कॉर्नरच्या कडेचा कर्ब किती उंच आहे, कुठं डांबर बदललंय, बाहेर गेलं तर गवत आहे का माती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झेंडे दाखवणाऱ्या मार्शलच्या पोस्ट कुठं कुठं आहेत ते डोक्यात बसव, कारण रेसमध्ये तू त्या शोधत बसणार नाहीस, नजर आपोआप गेली पाहिजे.

झेंड्यांवर इथं थोडा थांबतो मी. ८ जानेवारी २०२३ ला याच ट्रॅकवर, नॅशनल चॅम्पियनशिपच्या सलून कार, म्हणजे तुझ्यासारख्याच बंद गाड्यांच्या रेसमध्ये के. ई. कुमार गेले. ५९ वर्षांचे होते, आयुष्य रेसिंगमध्ये काढलेला माणूस. दुसऱ्या गाडीशी संपर्क झाला, गाडी ट्रॅकच्या बाहेर जाऊन कुंपणाला धडकली आणि छतावर पडली. रेस लगेच थांबवली, त्या दिवसाचा पुढचा कार्यक्रम रद्द केला. तुला घाबरवायला सांगत नाहीये. अनुभवी माणसालाही होऊ शकतं हे माहीत असून तू गाडीत बसावंस म्हणून सांगतोय. पिवळा हलताना दिसला की पाय उचल, ओव्हरटेक नाही, दोन पिवळे म्हणजे थांबायची तयारी, तिथं कुणीतरी ट्रॅकवर पायी असू शकतं. लाल म्हणजे रेस संपली समज, हळू चालवत पिटला. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ऑइल किंवा घसरडं. काळ्यावर केशरी गोल आणि शेजारी तुझा नंबर दिसला तर तुझ्या गाडीचं काहीतरी निघालंय किंवा गळतंय, तुला आतनं कळणार नाही पण त्यांना दिसतंय, वाद न घालता आत ये. पिवळ्यात पुढच्यानं स्पीड कमी केला नाही तर तो तुझ्यापासून दोन सेकंद लांब जाईल. जाऊ दे. उन्हात दिवसभर उभे असतात ते मार्शल, रविवारी निघताना त्यांना भेटून ये.

ऊन म्हणजे किती ते तुला कळणार नाही अजून. आपलं ऊन कोरडं, तिथं घाम वाळतच नाही. गाडीतला एसी काढलेला, काचा जवळजवळ बंद, अंगावर तीन थर. बुधवारपासनंच पाणी वाढव, ओआरएस ठेव, मीठ घालून ताक मिळालं तर उत्तम. रेसच्या आधी अर्ध्या तासात दोन बाटल्या ढोसणारी पोरं मी बघितलीत, ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या जागी, पोट धरून बसतात.

प्रॅक्टिसमध्ये हिरोगिरी नको. पहिल्या दोनतीन लॅप नुसती ओळख, मग हळूहळू. पिटमध्ये आलीस की गाडी थांबल्या थांबल्या टायरचं प्रेशर मोजायला लाव, गरम असताना. दुपारच्या डांबरावर प्रेशर चांगलंच चढतं आणि सकाळच्या थंड आकड्यावर दुपारची रेस धावलीस तर शेवटच्या लॅपना गाडी साबणावर चालल्यासारखी वाटेल. सुटायचा नंबर ठरवणाऱ्या क्वालिफायिंगला लवकर बाहेर पड, मोकळी जागा बघ आणि टायर ताजे असतानाच लॅप लाव. शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवलेला लॅप रेड फ्लॅगमध्ये जातो.

एक तुझ्या क्लासपुरतं. सलूनमध्ये बरेचदा इंडियन टूरिंग कार, ज्युनियर आणि सुपर स्टॉक एकत्रच सोडतात, निकाल वेगळे लावतात. म्हणजे तुझ्या पुढं मागं असलेली प्रत्येक गाडी तुझी स्पर्धक नाही. ब्रीफिंगला जाताना तुझ्या क्लासचे नंबर हातावर लिहून घे. मोठ्या क्लासची गाडी आरशात आली तर तिच्याशी झुंजत बसू नकोस, पण अचानक बाजूलाही होऊ नकोस, आपली लाइन धरून सरळ राहा, तो जाईल त्याचं त्याचं. गोंधळलेली गाडी सगळ्यात धोकादायक, हळू गाडी नाही.

पहिल्या कॉर्नरला आत शिरायची जागा दिसेल. ती सगळ्यांनाच दिसत असते. दुसऱ्याच्या दाराच्या निम्म्यापर्यंत तुझं नाक पोचलेलं नसेल तर ती जागा तुझी नाही असं मी धरतो, नियमाची भाषा अधिकारी ब्रीफिंगमध्ये सांगतील ती ऐक. बाजूला गाडी असेल तर एका गाडीची जागा सोडायचीच, दिसत नसली तरी. आणि तुला कुणी मारलं तर, आणि मारेलच कुणीतरी, हेल्मेट घालून त्याच्या पिटमध्ये जायचं नाही. गाडीत बसून रहा, दहा श्वास घे, मग टीम मॅनेजरकडं जा, कॅमेऱ्याचं फुटेज त्याला दे. प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत तक्रार, करायला वेळेची मर्यादा असते आणि फी भरावी लागते, तो निर्णय त्यांचा. तुझी चूक असेल तर मात्र त्याच दिवशी स्वतः जाऊन सांग. हे रेसिंगवाल्यांचं जग लहान आहे, चेन्नई नाहीतर कोईम्बतूर, तीच माणसं वर्षभर भेटतात.

रेस संपली की पार्क फर्मे, म्हणजे तपासणीसाठी गाड्या राखून ठेवतात ती जागा, तिथं गाडीला कुणी हात लावायचा नाही, पप्पांनीही नाही, त्यांना आधीच सांगून ठेव. वजन काट्यावर तुझ्यासकट होऊ शकतं, म्हणून हेल्मेट, ग्लोव्ह्ज कुणाच्या हातात देऊन निघून जाऊ नकोस.

पैशांचं टेन्शन तुझ्या डोक्यात असणार, मला माहीत आहे. गाडी घासली तर दार मी इथं ठोकून देईन, रंग मारून देईन, त्याचा हिशोब तुझ्यापर्यंत येणार नाही, तुझ्या पप्पांशी बोललोय मी. आपल्याकडची पोरं गेलीत या रस्त्यानं, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला, ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कपमध्ये धावला, फोक्सवॅगनच्या पोलो तर आपल्याच चाकणला बनायच्या. तुझ्या नावाचा स्टिकर परवा कापून ठेवलाय, मागच्या काचेवर लाव, देवनागरीतच आहे.

आईला शनिवारी रेसच्या आधी नाही, संपल्यावर फोन कर, आधी केलास तर ती दिवसभर फोन हातात धरून बसते. मला शुक्रवारी रात्री कर. लॅप टाइम सांगू नकोस, पेडल कुठं धरतंय तेवढं सांग.

तुझा,
काका