वर्णद्वेषाचा अन्याय ऐतिहासिक चित्रपट केवळ दृश्यांतून कसा दाखवतात?

संवाद बाजूला ठेवले तर कॅमेरा, प्रकाश आणि संकलन हा अन्याय कसा पोहोचवतात, असे आपण विचारले आहे. तंत्रांची यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मी मुख्यतः एकाच प्रसंगाविषयी लिहितो, कारण त्यावरून आमच्या फिल्म सोसायटीत झालेला वाद माझ्यापुरता अजून मिटलेला नाही.

चित्रपट होता स्टीव्ह मॅक्वीन यांचा 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३). न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक सॉलोमन नॉर्थप याला १८४१ मध्ये वॉशिंग्टनमधून पळवून लुईझियानात गुलाम म्हणून विकले गेले. तिथल्या मळ्यावर एका गोऱ्या सुताराशी झटापट झाल्यावर त्याला झाडाला टांगतात. मुकादम फाशी थांबवतो, पण दोर सोडत नाही. सॉलोमनच्या पायांची बोटे चिखलाला जेमतेम टेकलेली असतात आणि कॅमेरा दूर, निश्चल उभा राहतो. मागे झोपड्यांतून गुलाम बाहेर येऊन कामाला लागतात, मुले खेळू लागतात, एक स्त्री घाईने येऊन त्याला पाणी पाजते आणि निघून जाते. पार्श्वसंगीत नाही.

चर्चेत एक ज्येष्ठ सभासद, ज्यांचा शब्द आमच्याकडे सहसा कोणी खोडत नसे, म्हणाले की संकलकाने इथे कात्री चालवायला हवी होती, आणि क्लोज-अप नसेल तर वेदना कळणार कशी? मी म्हणालो, क्लोज-अपमध्ये एका माणसाची वेदना दिसली असती आणि अख्खा मळा चौकटीबाहेर गेला असता. दोर सोडवायला पुढे होणाऱ्याचे काय होते हे मागच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून सगळे खाली मान घालून काम करतात. गुलामगिरी रोज कशी चालत असेल हे त्या लांबलेल्या शॉटमुळे समजते. यावर "तुम्ही तंत्राने दिपता" एवढे ऐकवून त्यांनी चहा मागवला आणि विषय संपला.

माझे उत्तर असे की, दिपवायचेच असते तर व्हायोलिन आणि स्लो मोशन हाताशी होते. त्या साधनांनी प्रेक्षक रडतो, स्वतःवर खूश होतो आणि घरी जातो. याच चित्रपटात गुलामांच्या कोंडवाड्याच्या गजांवरून कॅमेरा वर चढतो आणि दूरवर अमेरिकेची संसद दिसते. त्या एका हालचालीत जे आहे ते भाषणाने साधले नसते.

प्रकाशाबद्दल थोडक्यात: फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या रंगचाचणी कार्डांवर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा प्रमाण मानला गेला, म्हणजे रंग गोऱ्या त्वचेनुसार जुळवले जात. त्यामुळे 'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६७) मध्ये छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर यांनी कृष्णवर्णीय अभिनेते सिडनी पॉइटियर यांच्या त्वचेचा विचार करून प्रकाश बेतला, ही मोठी गोष्ट होती, जरी तो चित्रपट ऐतिहासिक नसला तरी.

स्लो मोशनला मी सरसकट नावे ठेवली, तेव्हा हेही सांगायला हवे की 'सेल्मा' (२०१४) मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी घडवलेला १९६३ चा स्फोट, ज्यात ४ मुली मारल्या गेल्या, स्लो मोशनमध्येच दाखवला आहे आणि तो योग्य वाटतो, कारण त्याआधी त्या मुली जिन्यावर केसांविषयी साध्या गप्पा मारत असतात.

या विषयावर लिहिताना आपण चौकटीत मागे दिसणाऱ्या माणसांकडे पाहा. कोणी कात्री सुचवली, तर ती नेमक्या कोणत्या क्षणी चालवायची, हे जरूर विचारा. आमच्याकडे चहापुढे ते राहून गेले.