लाँगआर्मवर हात बसवायचा तर आधी मांजरपाट चढवा

ताई, तुम्ही लिहिलंय की हाताने गोधड्या शिवता, घरच्या मशीनवरही क्विल्टिंग जमतं. पण क्विल्टच्या दुकानातल्या भाड्याच्या लाँगआर्मवर, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या क्विल्टवरून हाताने फिरवायच्या मोठ्या मशीनवर, गोल काढायला गेलं की त्याला कोपरे पडतात आणि रेघ थरथरते. मग थेट नक्षी आपोआप शिवणारी कंप्यूटरवाली मशीन घ्यावी का? त्याचं शेवटी सांगते.

घरच्या मशीनवर सुई जागच्या जागी असते आणि आपण कापड फिरवतो. इथे क्विल्टचे तिन्ही थर (वरचं कापड, मधलं बॅटिंग म्हणजे मऊ भराव, आणि खालचं अस्तर) फ्रेमवर ताणलेले, स्थिर. फिरते ती मशीन. म्हणजे हे कागदावर पेन चालवण्यासारखं आहे, आणि म्हणूनच कागदावरचा सराव इथे सरळ कामी येतो. वही घ्या आणि पेन न उचलता पानभर एकच नक्षी काढा. मोडी लिपीत जशी हात न उचलता ओळ पुढे जाते, तशी. पुढचं वळण कुठे घ्यायचं हे डोळ्याला आधीच दिसायला लागलं की मशीनवरचं निम्मं अडखळणं संपतं.

गोलाला कोपरे पडतात त्याचं कारण मशीनच्या वजनात आहे. ती दोन दिशांच्या रुळांवर चालते, त्यामुळे आडवी आणि उभी रेघ सहज निघते; वळणावर मात्र ते सगळं वजन सतत दिशा बदलत असतं. मनगटाने वळवायला गेलात तर झटका बसणारच. हँडल हलकं धरा, कोपर अंगाजवळ ठेवा, पाय थोडे फाकवून उभ्या राहा आणि खांद्यापासून, कमरेपासून हला. वेगही फार कमी नको. अगदी हळू चालवलं की रेघ जास्त थरथरते. मध्यम, एकसारखा वेग धरा. इंचाला 10 ते 12 टाके राखायचं काम स्टिच रेग्युलेटर करतो.

हाताला दोष देण्याआधी मशीन तपासा. मधोमध नेऊन सोडून द्या. आपणहून एका बाजूला सरकली तर टेबल समपातळीत नाही. चाकांत दोऱ्याचे तुकडे अडकलेत का तेही बघा, भाड्याच्या मशीनवर ते हमखास असतात. आणि क्विल्ट ढोलासारखा ताणू नका! खालून बोट वर दाबलं तर ते वरून चिमटीत धरता आलं पाहिजे. जास्त ताणलं की सुई वाकते, टाके सुटतात.

आता सरावाचं. छोट्या तुकड्यांवर सराव करून फारसं काही हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त मांजरपाट घ्या, मध्ये खरं बॅटिंग घाला, फ्रेमच्या जवळजवळ पूर्ण रुंदीचं चढवा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच नक्षी भरा. सुरुवातीला नुसतं मिअँडर, म्हणजे एकमेकांना न छेदणारी नागमोडी रेघ. ते हातात बसलं की गोल वेटोळी, मग पानं. पिसं सगळ्यात शेवटी. रोज नवी नक्षी घेऊ नका. रुंदी भरताना तिसऱ्या-चौथ्या फुटाच्या पुढे विचार थांबतो आणि हात आपणहून चालायला लागतो. तुकड्यावर ती वेळ येतच नाही. नक्षीची उंचीही आटोक्यात ठेवा. मशीनचा घसा, म्हणजे सुई आणि मशीनच्या मागच्या भागामधली मोकळी जागा, 18 इंच असला तरी गुंडाळलेला क्विल्ट त्यातली बरीच जागा खातो.

सरावाला वरचा आणि बॉबिनचा दोरा वेगवेगळ्या रंगांचा घ्या, टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, लगेच कळतं. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचं टेन्शन जास्त आहे किंवा बॉबिनचं कमी. उलट मागे वळणांवर पापण्यांसारखे टाके पडले तर वरचं सैल आहे, नाहीतर वळणावर तुमचा वेग वाढतोय. दर थोड्या वेळाने फ्रेमखाली वाकून मागची बाजू बघाच. खरा क्विल्ट चढवताना अस्तर आणि बॅटिंग चारही बाजूंनी साधारण 4 इंच जास्त ठेवा. त्या कडेला टेन्शन पाहायला जागा मिळते. सुई स्वस्त असते, प्रत्येक क्विल्टला नवी लावा.

हात बसला की पुढचे क्विल्ट दानासाठी करा. अमेरिकेत प्रोजेक्ट लायनस ही संस्था 1995 पासून आजारी आणि संकटातल्या मुलांना पांघरुणं देते. तिथे टाक्यांची बारीक तपासणी करत बसणारं कुणी नसतं, पण आपण ते मनापासून करतो, आणि खऱ्या जोडांवरून, जाड शिवणींवरून मशीन कशी जाते हे मांजरपाटावर कधीच कळत नाही.

आता कंप्यूटर. लोकांचे क्विल्ट पैसे घेऊन करायचे असतील आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच नक्षी भरायची असेल, तर तो जरूर घ्या. पण थर सरळ चढवणं, टेन्शन लावणं आणि मधेच दोरा तुटला तर नेमक्या जागी परत जोडणं तो तुमच्यासाठी करत नाही. तुम्हाला गोधडीची सवय आहे, नजर तयार आहे. म्हणून मी म्हणेन, सध्या भाड्याच्या मशीनवरच तास वाढवा, आणि कंप्यूटर नंतर जोडता येईल अशीच मशीन पुढे बघा.