वाचकांचे प्रश्न : स्निग्धाची ओढ आणि आपली जनुके

आहारातील स्निग्ध पदार्थ आणि आनुवंशिकता या विषयावर आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न येथे घेतले आहेत. आशय सारखा असलेली पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर वाढलो. मला साय, लोणी, तळलेले पदार्थ दिसले की राहवत नाही. धाकट्याला मात्र तेल जरा जास्त झाले तरी पानातला पदार्थ बाजूला सारावासा वाटतो. ही निव्वळ सवय म्हणायची, की हा फरक जन्मजात असू शकतो?

सवयीचा वाटा आहेच, पण आपल्या प्रश्नातील ‘एकाच स्वयंपाकावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सख्ख्या भावंडांची सरासरी निम्मी जनुकीय घडण समान असते. म्हणजेच उरलेल्या निम्म्या भागात फरकाला भरपूर वाव असतो.

स्निग्धपणा जिभेला केवळ स्पर्शाने आणि नाकाला वासाने कळतो, त्याला स्वतःची चव नसते, असे दीर्घकाळ मानले जात होते. २००५ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की जिभेवरील सीडी३६ नावाचे प्रथिन मेदाम्ले, म्हणजे मेद ज्यांपासून बनतो ते घटक, ओळखते आणि ते नसलेल्या उंदरांची स्निग्ध अन्नाकडील ओढ मावळते. माणसाच्या बाबतीतला लक्षणीय पुरावा २०१२ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून आला. तेथे २१ स्थूल व्यक्तींची चाचणी घेतली गेली आणि ज्यांच्या जनुकाच्या प्रकारामुळे सीडी३६ सर्वाधिक तयार होत होते, त्यांना स्निग्धाची जाणीव इतर टोकाच्या गटापेक्षा सुमारे आठपट कमी प्रमाणातही झाली. दुसऱ्या टोकाच्या गटात हे प्रथिन साधारण निम्मेच होते.

येथे एक गंमत लक्षात घ्यावी लागते. अन्नातील मेद बहुतांशी ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे तीन मेदाम्ले एकत्र जोडलेल्या रेणूच्या, रूपात असतो आणि जिभेवरील प्रथिनाला मात्र सुटी मेदाम्ले लागतात. ती लाळेतील विकर (पचनास मदत करणारे प्रथिन) थोड्या प्रमाणात सुटी करून देते. ही सुटी मेदाम्ले एकट्याने आणि मोठ्या प्रमाणात चाखली तर चव खवट, नकोशी लागते. त्यामुळे ‘ज्याला जास्त कळते त्याला जास्त आवडते’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही. उलट, आपल्या धाकट्या भावाप्रमाणे ज्याला थोडेसे तेलही चटकन जाणवते तो लवकर थांबत असेल आणि ज्याला ते उशिरा जाणवते त्याला तेवढ्याच समाधानासाठी जास्त लागत असेल, अशी एक शक्यता मांडली जाते. वेगवेगळ्या लोकसमूहांतील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आलेले नाहीत, त्यामुळे आपल्या घरातील फरकाचे सगळे श्रेय या एका प्रथिनाला देणे मला घाईचे वाटते.

प्रश्न : चवीतला फरक मुळीच कळत नसतानाही काही लोक जास्त स्निग्ध पदार्थ निवडतात, असे वाचले. जिभेला कळलेच नाही, तर निवड होते कशी?

या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग नेमका याच प्रश्नावर आहे. केंब्रिज विद्यापीठातील सदफ फारुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी चिकन कोर्म्याचे तीन प्रकार तयार करवून घेतले. दिसायला आणि चवीला तिन्ही शक्य तितके सारखे होते, परंतु त्यांतील अनुक्रमे २०, ४० आणि ६० टक्के उष्मांक मेदातून येत होते. सहभागी व्यक्तींनी प्रथम तिन्हींची चव घेतली आणि नंतर हवे तेवढे खाल्ले. सडपातळ व्यक्ती, स्थूल व्यक्ती आणि एमसी४आर या जनुकात दोष असलेल्या स्थूल व्यक्ती असे तीन गट होते.

एकूण किती खाल्ले, यात तिन्ही गटांत फरक पडला नाही. फरक पडला तो कशातून खाल्ले यात. एमसी४आरचा दोष असलेल्यांनी सर्वाधिक स्निग्ध कोर्मा सडपातळ व्यक्तींच्या जवळजवळ दुप्पट आणि इतर स्थूल व्यक्तींपेक्षा ६५ टक्के अधिक खाल्ला. नंतर स्ट्रॉबेरी, मलई आणि मेरिंग यांचा गोड पदार्थ साखरेचे प्रमाण बदलून दिला गेला, तेव्हा चित्र उलटले : सर्वांत गोड प्रकार याच गटाला इतरांपेक्षा कमी आवडला आणि त्यांनी तो कमी खाल्ला.

एमसी४आर हे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील एका ग्राहीचे (पेशीवरील, संदेश किंवा कण पकडणाऱ्या प्रथिनाचे) जनुक आहे. शरीरातील चरबीच्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक सोडतात, त्यातून पुढे जाणारी ‘साठा पुरेसा आहे’ ही खबर शेवटी याच ग्राहीपाशी पोचते. ग्राहीच नादुरुस्त असेल तर मेंदूला साठा नेहमी अपुरा वाटतो, आणि अशा वेळी जीभ काय सांगते यापेक्षा पोटात गेलेल्या अन्नातून किती ऊर्जा आली याकडे मेंदू लक्ष देत असावा. एक ग्रॅम मेदातून सुमारे ९, तर साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात, हा हिशेब मेंदूच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा नाही. दुष्काळात तगून राहण्यासाठी ही यंत्रणा घडली असावी, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्यासारखे आहे, पण असली स्पष्टीकरणे पटवून देणे जितके सोपे, तितके तपासून पाहणे अवघड असते.

एमसी४आरमधील असे दोष स्थूल व्यक्तींपैकी साधारण शंभरांत एकात आढळतात. त्याहून कितीतरी अधिक लोकांत आढळणारा, पण परिणामाने सौम्य असा फरक एफटीओ या जनुकात आहे. २००७ मध्ये तो प्रकाशात आला तेव्हा युरोपीय वंशाच्या प्रौढांपैकी सुमारे १६ टक्के लोकांत त्याच्या दोन प्रती (आई आणि वडील अशा दोघांकडून एकेक) आढळल्या आणि त्यांचे वजन एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोग्रॅम अधिक भरले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील शाळकरी मुलांच्या अभ्यासात असे दिसले की हा फरक असलेली मुले ऊर्जा कमी खर्च करत नव्हती, तर अधिक उष्मांक भरलेले अन्न निवडत होती.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण जवळपास सारखेच खातो, तरी वजन माझेच वाढते. हा चयापचयाचा दोष आहे का, आणि तो वंशातून येतो का?

‘जवळपास सारखेच’ या शब्दांवर मी अडतो, कारण आपण काय आणि किती खाल्ले याची माणसाची आठवण फारशी भरवशाची नसते. ही शंका दूर करणारा एक प्रयोग कॅनडातील क्यूबेक येथील लावाल विद्यापीठात क्लोद बुशार यांनी केला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्या तरुण भावांच्या १२ जोड्यांना देखरेखीखाली ठेवून १०० दिवसांच्या काळात ८४ दिवस, दररोज नेहमीपेक्षा १००० किलोकॅलरी जास्त खायला दिल्या गेल्या. सर्वांना तेवढेच जादा अन्न मिळूनही कुणाचे वजन ४.३ किलोग्रॅमने वाढले, तर कुणाचे १३.३ किलोग्रॅमने, सरासरी वाढ ८.१ किलोग्रॅम होती. विशेष म्हणजे ज्याचे वजन जास्त वाढले त्याच्या जुळ्या भावाचेही जास्त वाढले, आणि चरबी शरीरात कोठे साठली यातही जोडीतले दोघे एकमेकांसारखे निघाले. तेव्हा आपली तक्रार काल्पनिक आहे, असे कुणी म्हणू नये.

तथापि, वजनवाढ ही एक गोष्ट आणि जेवणानंतर रक्तात मेद किती चढतो ही दुसरी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रेडिक्ट या अभ्यासात जुळ्यांसह सुमारे एक हजार व्यक्तींना अगदी एकसारखे जेवण दिले गेले. त्यानंतरच्या ट्रायग्लिसराइडच्या पातळीत व्यक्तीव्यक्तींत प्रचंड तफावत होती, परंतु ही पातळी आधीच वर्तवताना ज्ञात जनुकीय फरकांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी ठरला. रक्तशर्करेच्या बाबतीत तो सुमारे ९.५ टक्के होता. याचा अर्थ जनुके निरुपयोगी आहेत असा नव्हे. आपण आज मोजू शकतो ती जनुकीय चिन्हे या एका गोष्टीविषयी फार थोडे सांगतात, एवढाच आहे.

प्रश्न : माझे वजन कमी आहे, स्निग्ध पदार्थ मी मोजूनमापून खातो, तरी तपासणीत एलडीएल कोलेस्टेरॉल खूप जास्त आले. वडिलांना पंचेचाळिशीत हृदयविकाराचा झटका आला होता. आहार आणखी कडक करू का?

आपले पत्र वाचून पहिली विनंती ही की आहाराचा विचार बाजूला ठेवून प्रथम डॉक्टरांना भेटावे आणि वडिलांचा इतिहास आवर्जून सांगावा. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल हे कण रक्तातून उचलण्याचे काम मुख्यतः यकृताच्या पेशींवरील ग्राही करतात. या ग्राहीच्या जनुकाची एक प्रत सदोष असली की कण रक्तातच रेंगाळतात आणि जन्मापासून धमन्यांवर त्यांचा मारा सुरू राहतो. या यंत्रणेचा शोध लावल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा आनुवंशिक विकार साधारण अडीचशे ते तीनशे व्यक्तींत एकाला असतो, म्हणजे दुर्मीळ नाही. त्यात सडपातळ बांधा आणि संयमी आहार यांनी एलडीएल पुरेसे खाली येत नाही, बहुधा औषध लागते. दोष सिद्ध झाल्यास आपल्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागेल, कारण प्रत्येकाला तो मिळालेला असण्याची शक्यता निम्मी असते.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. पीसीएसके९ हे प्रथिन यकृतावरील त्या ग्राहींना नष्ट करते. काही लोकांत त्याचे जनुक जन्मतःच निकामी असते. २००६ मध्ये डॅलस येथील हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी दाखवले की अशा कृष्णवर्णीय अमेरिकी व्यक्तींचे एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होते आणि त्यांच्यातील हृदयधमनीविकार ८८ टक्के कमी होता. आज वापरात असलेली पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शने याच निरीक्षणातून निघाली. आहारातील मेदावरून कुणाला दोष द्यावा किंवा शाबासकी द्यावी, याबाबत हे दोन गट शेजारी ठेवून पाहिले की मला बोलायला फारसे सुचत नाही.

प्रश्न : काही समाज पिढ्यान्‌पिढ्या चरबीवरच जगतात आणि त्यांना काही होत नाही, असे म्हणतात. मग मेदाची भीती कशाला?

ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, मेदाम्लांची लांबी आणि रचना बदलणाऱ्या फॅड्स जनुकांचे विशिष्ट प्रकार जवळजवळ सर्व इन्युइट लोकांत आहेत, युरोपीय लोकांत मात्र ते सुमारे २ टक्क्यांत आढळतात. सागरी प्राण्यांच्या मेदावर पिढ्या घालवताना हे प्रकार टिकले. म्हणून त्यांचा आहार त्यांच्याबाबतीत जे करतो ते इतरांबाबतीत करीलच, असे धरता येत नाही.

प्रश्न : एका कंपनीकडून लाळेचा नमुना देऊन जनुकीय चाचणी करून घेतली. ‘तुमच्यासाठी कमी मेदाचा आहार योग्य’ असा अहवाल आला. त्याप्रमाणे वागलो, वजन तसूभर हलले नाही. चाचणी चुकली की मी?

बहुधा आपण चुकला नाहीत. जनुकांचे वाचन बरोबर असू शकते. त्यावरून काढलेला सल्ला मात्र पुराव्यापुढे धावलेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर गार्डनर यांनी ही कल्पनाच थेट पारखून पाहिली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष दिला. ६०९ प्रौढांना वर्षभर कमी मेदाचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ आणि दुसऱ्याचे ६.० किलोग्रॅम घटले, म्हणजे फरक नगण्य होता. तीन जनुकांच्या आधारे जो आहार ‘अनुकूल’ ठरत होता तो मिळालेल्यांना कोणताही जादा लाभ झाला नाही. दोन्ही गटांत काहींचे वजन भरपूर घटले आणि काहींचे चक्क वाढलेही, पण ते कोणाचे, हे जनुके सांगू शकली नाहीत.

सगळेच दावे पोकळ आहेत असे नाही. एपीओए२ या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांत दिवसाला २२ ग्रॅमहून अधिक संपृक्त मेद (तूप-लोण्यात भरपूर असणारा) आणि जास्त वजन यांचा संबंध एकाहून अधिक लोकसमूहांत दिसला आहे. पण तो सरासरीतला संबंध आहे. त्यावरून एका माणसाचे ताट ठरवता येत नाही. उपाशीपोटी केलेली रक्तातील मेदांची साधी तपासणी, आहार बदलल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा केली, तर आपल्या शरीराने तो बदल कसा घेतला हे ती लाळेच्या अहवालापेक्षा अधिक नेमके सांगते.

आवड बदलता येते का, हा प्रश्न आपल्या पत्राच्या शेवटी आहे आणि पहिल्या पत्रातील थोरल्या भावालाही तो उपयोगी पडेल. रिचर्ड मॅटिस यांनी १९९३ मध्ये काही जणांना १२ आठवडे कमी मेदाचा आहार दिला होता. ज्यांच्या तोंडाला स्निग्धपणाच लागू दिला नाही, त्यांना त्यानंतर कमी स्निग्ध अन्न अधिक आवडू लागले. ज्यांनी मेद तेवढाच कमी केला, पण स्निग्धासारखी लागणारी पर्यायी उत्पादने खाल्ली, त्यांची आवड होती तशीच राहिली. तेव्हा बदल करायचा असेल तर मलईसारखी लागणारी ‘कमी मेदाची’ मलई घरात आणण्याऐवजी मलईच कमी करून पाहावी, आणि पहिल्या आठवड्यातील बेचव जेवणावरून निकाल देऊ नये.