आजोबांची .२७५ रिबोअर करून .३१५ करू का?

प्रश्न : नमस्कार सर. घरात आजोबांची .२७५ रिग्बी रायफल आहे, बोल्टवाली. वडील गेल्यावर लायसन माझ्या नावावर करून घेतलं, त्यातच दोन वर्षं गेली. आता काडतूसच मिळत नाही. डीलर म्हणतो .२७५ येत नाही, .३१५ हवी तेवढी घ्या. गावातला लेथवाला म्हणतो नळी आतून मोठी करून .३१५ करून देतो, दोन दिवसांचं काम आहे. नळीत काळे डागपण दिसतात, म्हणून वाटलं तेही निघून जातील. काका म्हणतात, हात लावलास तर याद राख. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : काकांचं ऐका. आणि लेथवाल्याला आजच नाही म्हणून सांगा, कारण हत्यारात बदल करायला किंवा नुसतं दुरुस्त करायलासुद्धा आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे त्या माणसाकडे स्वतःचं लायसन लागतं. त्याच्याकडे ते नसणार. शिवाय तुमच्या लायसनवर बोअर, म्हणजे नळीचं माप, लिहिलेला आहे, उद्या तपासणीत कागदावर .२७५ आणि हातात .३१५ निघाली तर काय उत्तर देणार?

आता मूळ मुद्दा. रिबोअर म्हणजे नळी आतून कापून मोठी करायची आणि नवीन रायफलिंग, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, पाडायचं. तुमच्या नळीचा आतला व्यास ७ मिमी, खाचांपर्यंत मोजला तर ७.२. .३१५ इंच म्हणजे बरोब्बर ८ मिमी, खाचांपर्यंत ८.२ च्या आसपास. म्हणजे नवीन बोअर पाडताना जुन्या खाचा पूर्ण कापल्या जातात, त्यामुळे नळीपुरतं बोलायचं तर काम जमतं, लेथवाला अगदीच थापा मारत नाहीये. पण तो फक्त नळी बघतोय हो, काडतूस कोण बघणार?

तुमचं काडतूस ७×५७ (७ मिमीची नळी, ५७ मिमी लांब केस, म्हणजे पितळी नळकांडं), बिनकडेचं, बूड १२ मिमी. .३१५ हे मूळचं ८×५० मॅनलिकर, त्याला बाहेर आलेली कड असते, बूड १४ मिमीच्या आसपास. ते तुमच्या बोल्टच्या तोंडात बसणारच नाही. मग बोल्टचं तोंड उघडा, रिकामी केस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर घासा, मॅगझिनचे ओठ वाकवा, आणि एवढं करून एका काडतुसाची कड दुसऱ्याच्या मागे अडकली की ऐन वेळी रायफल जाम. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ जुन्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलच्या धर्तीवर आहे, तिची घडणच कडेच्या काडतुसाची, म्हणून तिला ते सहज चालतं. तुमच्या रिग्बीच्या मॉसर ॲक्शनला, म्हणजे बोल्टच्या यंत्रणेला, नाही. त्यात तुमचं चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ५७ चं आणि नवीन काडतूस ५० चं, म्हणजे पुढे ७ मिमी पोकळ राहणार, ते घालवायला नळी मागून कापून परत आटे पाडून बसवायची. ‘दोन दिवसांचं काम’ कुठे गेलं बघा.

माझ्या एका मित्राने असंच एक जुनं हत्यार रिबोअर करून आणलं होतं. कुठून ते सांगत नाही. टॉर्च लावून नळीत बघितलं तर आत बारीक लाटा लाटा, टूल थरथरलेलं. पहिल्याच बारानंतर केस चेंबरमध्ये चिकटली, ती पुढून दांडका घालून ठोकून काढावी लागली. ती रायफल आता नुसती भिंतीवर आहे. शिवाय तुमच्या नळीवरच्या प्रूफच्या खुणा, म्हणजे जास्त दाबाने तपासल्याचे शिक्के, ७ मिमी बोअरच्या आहेत, नळी कापली की त्यांना काही अर्थ उरत नाही, परत जास्त दाबाने टेस्ट केल्याशिवाय गालाला लावायची नाही. आणि जुन्या रिग्बीची खरी किंमत ती जशीच्या तशी असण्यात आहे, हे विकायची नसली तरी डोक्यात ठेवा.

काळ्या डागांचं म्हणाल तर आधी साफ करा, मग घाबरा. जुन्या काडतुसांच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या कॅपमधून क्षार पडायचा, तो हवेतलं पाणी ओढून नळी खातो, आणि तो तेलाने निघत नाही, गरम पाण्यानेच निघतो. रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघा, बोल्ट काढा, मागून उकळतं पाणी ओता, लगेच कोरडी करा, मग तांबं काढायचं सॉल्व्हंट लावून चिंधी फिरवा. चिंधी निळी-हिरवी निघाली तर ते गोळीचं तांबं आहे, ती पांढरी निघेपर्यंत रोज थोडं थोडं करत राहा. एवढं करून खड्डे दिसले तरी कागदावर मारून गोळ्या किती जवळजवळ लागतात ते बघितल्याशिवाय नळी गेली असं म्हणू नका, खड्डेवाल्या कितीतरी नळ्या झकास मारतात. शेवटी नळीला तेल लावाल ते मात्र पातळच.

आणि काडतूस! अहो, .२७५ रिग्बी आणि ७×५७ मॉसर हे एकच काडतूस आहे. इंग्रजांनी इंची नाव दिलं एवढंच. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रिग्बी हेच खायची. युरोपात ७×५७ अजून बनतं. तर डीलरला .२७५ असं न विचारता ७×५७ किंवा सात एमएम मॉसर असं विचारा, एकाने नाही म्हटलं तर पुण्या-मुंबईच्या चार जणांना विचारा. महाग पडेल, .३१५ च्या कितीतरी पट. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार तशीही बंद आहे, तुम्हाला वर्षाला लागणार किती? फक्त आधी रायफल लायसनवाल्या गनस्मिथला दाखवून चेंबर तपासून घ्या, आणि लायसनवर .२७५ च्या शेजारी ७×५७ अशी नोंद होते का ते अर्ज करून विचारा, नाहीतर दुकानदार बिल फाडताना अडतो.

.३१५ च हवी असेल तर कायद्याने दोन हत्यारं ठेवता येतात. दुसरी .३१५ लायसनवर चढवायला अर्ज करा, आजोबांची आहे तशी राहू द्या.